सीआरई की सीपीई? एका संज्ञेच्या गुंत्याची पार्श्वभूमी

कल्चर रिपोर्टवर क्लेब्सिएला न्यूमोनी आहे, मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकाची एमआयसी (जिवाणूची वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण) ०.५ आहे आणि पुढे ‘एस’, म्हणजे औषध लागू पडते, असे छापलेले आहे. डॉक्टरांना औषध निवडायला एवढे पुरते. पण त्याच जिवाणूकडे कार्बापेनेम फोडणाऱ्या ऑक्सा-४८ या विकराचे (एन्झाइमचे) जनुक असेल तर रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवायचे की नाही, हे त्या ‘एस’वरून कळत नाही. रुग्णालयातल्या प्रतिरोधक जिवाणूंवर गेली पंधराएक वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ या एका अक्षरात आहे. कार्बापेनेमला दाद देत नाहीत म्हणून मोजलेले आतड्यातले जिवाणू म्हणजे सीआरई, आणि कार्बापेनेम फोडणारे विकर बनवणारे ते सीपीई.

त्याआधीचा काळ या दृष्टीने सोपा होता. मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमधून नोंदला गेला. हा एमआरएसए म्हणजे एक जिवाणू, एक औषध आणि जवळजवळ नेहमी एकच जनुक. ‘आर’ (प्रतिरोधक) आला की रुग्ण वेगळा ठेवायचा, यात कुणाचे दुमत नव्हते. १९८३ मध्ये जर्मनीतून ईएसबीएल या सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे फोडणाऱ्या विकरांची पहिली नोंद झाली. सेफॅलोस्पोरिनचा भरवसा कमी होत गेला तसा सगळा भार कार्बापेनेमवर पडला.

कार्बापेनेम फोडणारी विकरे मग एकामागून एक सापडली. केपीसी १९९६ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या नमुन्यात होते, पण ते प्रसिद्ध झाले २००१ मध्ये. ऑक्सा-४८ तुर्कस्तानातून २००४ मध्ये आणि एनडीएम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या विकरांची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यांवर, असतात. ती क्लेब्सिएलातून ई. कोलायमध्ये आणि तिथून सिट्रोबॅक्टरमध्ये जातात. म्हणून इथे जिवाणूचे नाव पाहून साथ ओळखता येत नाही.

कार्बापेनेमला प्रतिरोध येण्याची वाटही एकच नाही. एक वाट विकराची. दुसऱ्या वाटेत जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणातली पोरिन नावाची दारे बंद करतो आणि आत ईएसबीएल किंवा अँपसी विकर जोरात तयार करतो. औषध आत जेमतेम शिरते आणि जे शिरते ते हळूहळू फुटते. पोरिन गमावण्याची किंमत जिवाणू वाढीत मोजतो, आणि हा बदल तो शेजारच्या जिवाणूला देऊ शकत नाही. रिपोर्टवर मात्र दोन्ही वाटांचा ‘आर’ सारखाच दिसतो.

आता वादग्रस्त निर्णयाकडे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने आतड्यातल्या जिवाणूंसाठी मेरोपेनेम आणि इमिपेनेमचे ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘एस’ आणि ‘आर’ ठरवणारे एमआयसीचे आकडे, खाली आणले. आधी मि.लि.मागे ४ मायक्रोग्रॅमपर्यंत ‘एस’ आणि १६ पासून ‘आर’ धरत. नंतर १ पर्यंत ‘एस’ आणि ४ पासून ‘आर’ झाले. एमआयसी २ किंवा ४ असलेले केपीसीवाले जिवाणू तोवर ‘एस’ म्हणून सुटत होते, त्यामुळे हा बदल योग्यच होता. पण त्यासोबत आलेल्या दुसऱ्या सल्ल्याने घोटाळा केला. आकडा पुरेसा खाली आणल्यावर उपचारासाठी विकर शोधायची गरज उरत नाही, ती चाचणी साथीच्या तपासापुरती ठेवावी, असा तो सल्ला होता. विकर शोधणारी त्या वेळची हॉज चाचणी एनडीएम चुकवायची आणि अँपसीला उगाच पकडायची, म्हणून ती टाळायला प्रयोगशाळांना निमित्तच हवे होते. उपचाराचा प्रश्न सुटला, पण जनुक कुठे फिरते आहे याचा माग काढणे अनेक ठिकाणी थांबले.

युरोपातल्या समितीने दोन वेगळ्या पट्ट्या ठेवल्या, आणि तेच शहाणपणाचे होते. उपचारासाठी मेरोपेनेम २ पर्यंत ‘एस’ आणि ८ च्या वर ‘आर’. विकराचा संशय घेण्यासाठी मात्र ०.१२५ च्या वरची कोणतीही एमआयसी, किंवा १० मायक्रोग्रॅमच्या मेरोपेनेम डिस्कभोवती २८ मि.मी.पेक्षा लहान झोन (जिवाणू न वाढलेले वर्तुळ). सुरुवातीच्या रिपोर्टमधला ०.५ वाला जिवाणू या दुसऱ्या पट्टीवर लगेच अडकतो. अडचण यंत्राची आहे. स्वयंचलित पॅनेलमधले सर्वांत कमी प्रमाण १ असेल तर ०.१२५ आणि ०.५ मधला फरक ते दाखवणार कसा? नवे ब्रेकपॉइंट यंत्रांत उतरायलाही फार वेळ गेला. अमेरिकेतल्या एका मानांकन संस्थेने जुने आकडे जानेवारी २०२४ पर्यंत बंद करणे सक्तीचे केले, म्हणजे बदल झाल्यावर जवळपास १४ वर्षांनी.

मोजणीची व्याख्याही दरम्यान बदलली. अमेरिकेत आधी सीआरई ठरण्यासाठी कार्बापेनेमसोबत तपासलेल्या सगळ्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला प्रतिरोध असावा लागे. ऑक्सा-४८ ही सेफॅलोस्पोरिन फारशी फोडत नाही, त्यामुळे एकटे ऑक्सा-४८ असलेले जिवाणू निसटत. २०१५ मध्ये ती अट काढली आणि एर्टापेनेमसह कोणत्याही कार्बापेनेमला ‘आर’ किंवा सिद्ध झालेले विकर, अशी व्याख्या केली. आता उलट झाले. एर्टापेनेम पोरिनच्या बदलाने सर्वांत आधी निकामी होते, म्हणून विकर नसलेले एन्टेरोबॅक्टर मोठ्या संख्येने यादीत आले. या वर्षांच्या आलेखात रेघ चढलेली दिसली तर आधी व्याख्या कधी बदलली ते पाहावे. भरीत भर म्हणजे २०१६ नंतर सेराशिया, प्रोटियस आणि मॉर्गानेला हे मूळ कुळातून वेगळ्या कुळांत गेले. ‘सीआरई’तला शेवटचा ‘ई’ तेव्हापासून एन्टेरोबॅक्टेरिएसी या कुळाचा नसून एन्टेरोबॅक्टेरालिस या गणाचा आहे.

विकर शोधण्याची परवडणारी आणि भरवशाची रीत २०१७ च्या सुमारास रुळली. तिला एमसीआयएम म्हणतात. २ मि.लि. सोया ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरच्या लूपने जिवाणू मिसळायचे, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क बुडवायची आणि ३५ अंशांवर ४ तास ठेवायचे. १५ मिनिटे इकडेतिकडे चालतात, त्याहून जास्त नाही. डिस्क लूपने काढताना नळीच्या आतल्या कडेवर घासून जादा ब्रॉथ निथळवायचा. ही पायरी घाईत राहिली तर ब्रॉथ प्लेटवर पसरतो आणि झोन नीट वाचता येत नाही. मग ती डिस्क औषधाला संवेदनशील असलेल्या प्रमाणित ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. विकराने मेरोपेनेम फोडले असेल तर ई. कोलाय डिस्कला भिडून वाढतो. ६ ते १५ मि.मी. झोन म्हणजे विकर आहे, १९ किंवा जास्त म्हणजे नाही. दुसऱ्या नळीत ईडीटीए घातले की ते झिंक ओढून घेते आणि एनडीएमसारखी झिंकवर चालणारी विकरे बंद पडतात. झोन ५ मि.मी. किंवा जास्त वाढला तर विकर त्या जातीचे. हे उपचारालाही लागते, कारण अविबॅक्टॅम हे विकर रोखणारे औषध केपीसी आणि ऑक्सा-४८ ला रोखते, पण एनडीएमला नाही.

व्याख्येचा गुंता न सोडवता साथ आटोक्यात आल्याचे मोठे उदाहरण इस्रायलचे आहे. मार्च २००७ मध्ये तिथे १ लाख रुग्ण-दिवसांमागे कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे ५५.५ नवे रुग्ण होते. बाधितांना वेगळ्या भागात ठेवणे, त्यांच्यासाठी स्वतंत्र नर्स आणि रोजची सक्तीची नोंद यांवर मे २००८ पर्यंत हा आकडा ११.७ वर आला. पण तिथे मुख्यतः केपीसी असलेल्या क्लेब्सिएलाचा एकच वंश पसरत होता. जिवाणूचे नाव आणि ‘आर’ एवढ्यावर काम भागले. जिथे जनुक जिवाणू बदलत फिरते, तिथे एवढे पुरत नाही. बाधिताच्या खोलीतल्या इतरांचे रेक्टल स्वॅब घ्यावे लागतात, आणि स्वॅबवर विष्ठा दिसत नसेल तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ नसतो.

जनुकाचा माग काढता काढता तपास शेवटी वॉशबेसिनपाशी आला. जाळीखालच्या पाइपाच्या वळणात पाणी साचते आणि तिथे जैवपटल (जिवाणूंचा चिकट थर) धरते. अन्न मिळाले तर ते दिवसाला सुमारे अडीच सें.मी. वर सरकते. नळाची धार थेट जाळीवर पडली की जिवाणू थेंबांसह आजूबाजूला उडतात. क्लोरीन ओतल्यावर मोजणी खाली येते आणि काही दिवसांत पुन्हा वर जाते. म्हणून आता धार जाळीपासून बाजूला पडेल असा नळ बसवतात, बेसिन आणि खाट यांच्यात आडोसा घालतात, बेसिनच्या कडेला औषधे तयार करत नाहीत आणि उरलेले सलाइन, डेक्स्ट्रोज किंवा नळीतून देण्याचे अन्न बेसिनमध्ये ओतत नाहीत.