अनुकंपावाचक शब्द (मराठी)

दुसऱ्याच्या दुःखाने मनात होणारी कालवाकालव व्यक्त करणारे मराठीतील शब्द. दया, करुणा, कृपा, अनुकंपा हे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले). कीव हा तद्भव (संस्कृतावरून रूप बदलून आलेला). कणव, कळवळा, हळहळ हे बोलीच्या वळणाचे. सहानुभूती, समानुभूती, सहवेदना हे अर्वाचीन. कोशांत यांतील एकाचा अर्थ सांगताना बहुधा दुसरा दिलेला असतो. वापरात मात्र एकाच्या जागी दुसरा क्वचितच चालतो.

अमरकोश या संस्कृत पर्यायकोशाच्या नाट्यवर्गात करुण रसाच्या अनुषंगाने कारुण्य, करुणा, घृणा, कृपा, दया, अनुकंपा आणि अनुक्रोश असे सात पर्याय येतात. यांपैकी अनुक्रोश (दुसऱ्यामागोमाग आक्रंदणे) मराठीत रुजला नाही. घृणा या शब्दाचा प्रवास लक्षणीय आहे. संस्कृतात त्याला दया आणि किळस असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत दुसराच उरला. पहिला अर्थ ‘निर्घृण’ या विशेषणात टिकून आहे. निर्घृण म्हणजे किळस नसलेला नव्हे, तर दयेचा लवलेश नसलेला.

करुणा या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ऋग्वेदात (१.१००.७) ‘करुण’ हे नाम कर्म, कृती या अर्थाने येते व ते ‘कृ’ (करणे) या धातूकडे निर्देश करते. उणादिसूत्रांत (शब्दसिद्धीचे प्रत्यय सांगणारी संस्कृत व्याकरणसूत्रे, ३.५३) करुण, वरुण, दारुण हे शब्द एकाच प्रत्ययाने साधले असून तेथे करुणचा धातू ‘कॄ’ (विखुरणे, ओतणे) मानला जातो. पाली परंपरेत बुद्धघोषाने (इ. स. पाचवे शतक) विसुद्धिमग्ग या ग्रंथात तीन निरुक्ती (शब्दाची फोड करून दिलेली स्पष्टीकरणे) दिल्या आहेत : परदुःखाने सज्जनांच्या हृदयात कंप निर्माण करते ती, परदुःखाचा नाश करते ती, दुःखितांवर पसरली जाते ती. या निरुक्ती भाषाशास्त्रापेक्षा ध्यानसाधनेच्या अंगाने केलेल्या आहेत, हे उघड आहे. वैदिक ‘करुण’ आणि पुढील काळातील ‘करुण’ (शोचनीय) हे मुळात दोन वेगळे शब्द असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण कृतीपासून शोकापर्यंतचा अर्थबदल दाखवणारे मधले दुवे जुळवणे कठीण जाते. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत (ध्यानात जोपासायच्या उदात्त वृत्तींत) आणि योगसूत्रांत (१.३३) करुणा ही मैत्री, मुदिता व उपेक्षा यांच्यासह येते. तेथे ती क्षणिक भावना नसून प्रयत्नाने जोपासायची वृत्ती आहे. मराठीतील करुणेला हे गांभीर्य याच परंपरेतून आले असावे. रोजच्या बोलण्यात ‘मला करुणा आली’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

दया हा शब्द ‘दय्’ धातूपासून आला, याविषयी एकमत आहे. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या अर्थांसह यादीत) या धातूचे दान, गती, रक्षण, हिंसा आणि आदान असे अर्थ आहेत. यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथातही तो अनेकार्थी म्हटला आहे. रक्षण आणि हिंसा एकाच धातूत कशी, असा प्रश्न पडतो. तुकारामांची दयेची व्याख्या येथे आठवते : ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें’. धातुपाठाशी तिचा संबंध जोडण्यास आधार नाही, तरी हे साम्य विचारात पाडणारे आहे.

कृपा आणि कीव हे मुळात एकच शब्द. कृपाचे प्राकृत रूप ‘किवा’ (हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण, ८.१.१२८), त्यावरून कीव. तत्सम रूप ईश्वर, गुरू व वडीलधारे यांच्याकडे गेले. तद्भव रूपाला तुच्छतेची छटा आली. ‘तुझी कीव येते’ हे वाक्य आज बहुधा दुखावण्यासाठीच उच्चारले जाते. दोन्हींत देणारा वर आणि घेणारा खाली आहे.

कळवळा याहून निराळा. पोटदुखीने मूल कळवळते आणि ते पाहून आईही कळवळते. स्वतःच्या व दुसऱ्याच्या वेदनेला क्रियापद एकच. ‘ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभाविण प्रीति’ या तुकारामांच्या ओळींत हा अर्थ पूर्णपणे उतरला आहे. प्रस्तुत शब्दसमूहात मराठीचे स्वतःचे असे सर्वांत मोठे धन हेच म्हणावे लागेल. कणव हा शब्द करुणेशी जोडता येतो, तसाच ‘कण्’ (आर्त ध्वनी करणे) या धातूशीही. ‘कण्हणे’ हे क्रियापद पाहता दुसरी शक्यता दुर्लक्षिता येत नाही. कनवाळू हे त्याचेच विशेषण.

व्याकरणदृष्ट्या दया, कीव, कणव, कळवळा ‘येतात’, म्हणजे अनुभवणाऱ्याच्या इच्छेविना उपजतात. दया आणि कीव ‘करता’ही येतात. कळवळा मात्र करता येत नाही. सहानुभूती ‘वाटते’ किंवा ‘दाखवली’ जाते, आणि दाखवण्यातच तिच्या औपचारिकतेचे मूळ आहे.

उद्गारांपैकी ‘अरेरे’, ‘आई गं’ यांना व्याकरणकार शोकदर्शक केवलप्रयोगी अव्ययांत घालतात. अनुकंपेचा वेगळा वर्ग ते मानत नाहीत. ‘बिचारा’ फार्सी (बे + चारा, उपाय नसलेला), त्याचा जुना सोबती ‘बापडा’. चुकचुकणे हे ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाच्या नकलेतून बनलेले.

सहानुभूती हा इंग्रजी ‘सिंपथी’साठी घडवलेला शब्द असून त्याची घडण मूळ ग्रीक शब्दासारखीच (सह + भावना) आहे. ‘एम्पथी’ हा शब्द इंग्रजीत १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिचनरने जर्मन ‘आइनफ्यूलुंग’वरून आणला; त्यासाठी मराठीत समानुभूती, तदनुभूती व परानुभूती हे पर्याय वापरले जातात. समुपदेशन व शिक्षण या क्षेत्रांत समानुभूती अधिक रूढ आहे. ‘अनुकंपा’ प्रशासकीय भाषेत ‘अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती’ या प्रयोगापुरता प्रामुख्याने उरला आहे.