बर्फाचं धरण वेळेआधी सुटतंय

नागपूरच्या नळाला येतं ते मुख्यतः पेंचचं पाणी. सातपुड्यातला चार महिन्यांचा पाऊस तोतलाडोह धरणात अडतो आणि नवेगाव खैरीमार्गे शहरात पोचतो. पाऊस लांबला की काय होतं, ते आपण जुलै २०१९ मध्ये भोगलं: आठवड्यातून तीन दिवस नळ बंद. या पाण्यात बर्फाचा थेंबही नाही. पण नागपूरच्या कळमना बाजारात उतरणारं हिमाचलचं सफरचंद आणि पंजाबचा गहू बर्फाच्या पाण्यावर पोसलेले असतात, म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे.

डिसेंबर ते मार्च भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकतात. (विदर्भात ऐन फेब्रुवारीत गारपीट होऊन संत्र्याची माती होते, त्यामागेही अनेकदा हेच झंझावात असतात.) हा बर्फ म्हणजे भिंत नसलेलं धरणच. पाऊस नसतो आणि तहान वाढत जाते, त्या एप्रिल ते जूनमध्ये ते हळूहळू सुटतं. हळूहळू का, तर एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायलाच ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. शिवाय ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तोतलाडोहचं पाणी वाफ होऊन उडत असतं, तेव्हा वरचा बर्फ असा तग धरून असतो.

हवा एक-दोन अंशांनी तापली तरी हे गणित बिघडतं. शून्याच्या आसपास जिथे हिमवर्षाव व्हायचा, तिथे पाऊस पडतो आणि लगेच वाहून जातो. बर्फ हटला की खालची काळी जमीन उघडी पडते, ऊन शोषते, उरलेला बर्फही लवकर वितळवते. धूळ आणि काजळी बसली तर आणखी लवकर. वर्षभरात आकाशातून पडणारं एकूण पाणी तेवढंच राहिलं तरी टंचाई येऊ शकते, आणि मला यातली खरी काळजीची गोष्ट हीच वाटते.

बर्फात पाणी किती, हे नुसत्या जाडीवरून कळत नाही. दहा सेंटिमीटर भुसभुशीत ताज्या बर्फाचं जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होतं. जुन्या, दबलेल्या बर्फाचं तीन-चारही होईल. म्हणून पोकळ नळी थेट जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या बर्फासकट ती तोलायची. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०१५ ला अशी मोजणी झाली, तेव्हा सिएरा नेवाडा पर्वतात सरासरीच्या फक्त ५ टक्के पाणी उरलं होतं. आपल्याकडे काठमांडूची 'इसिमोड' ही संस्था उपग्रहांवरून हिमालयाकडे लक्ष ठेवते. पडलेला बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो, हे ती पाहते. २०२५ च्या हिवाळ्यात हा टिकाव सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी भरला, २३ वर्षांतला नीचांक. सिंधूच्या वार्षिक प्रवाहात वितळलेल्या बर्फाचा वाटा सुमारे ४० टक्के, गंगेच्या प्रवाहात १० टक्क्यांच्या आसपास.

सतलजवर निदान भाक्रा आहे. लवकर आलेलं पाणी तिथे काही प्रमाणात अडवता येतं. लडाखच्या गावांना ती सोय नाही. तिथे पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि ओढ्याला नेमकं तेव्हाच पाणी हवं. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात यावर हिमस्तूपाचा, म्हणजे बर्फाच्या शंकूसारख्या ढिगाचा, प्रयोग केला. वरच्या ओढ्याचं पाणी पाइपाने खाली आणायचं. उतारामुळे ते पंपाशिवाय कारंज्यासारखं उडतं आणि रात्रीच्या थंडीत पडता पडता गोठतं. शंकूच्या आकारामुळे आत बर्फ भरपूर, पण उन्हाला सापडणारा पृष्ठभाग थोडा, त्यामुळे तो वसंतापर्यंत टिकतो. उपाय मोठा हुशारीचा आहे, पण एखाद्या गावाच्या शेतापुरता. आणि त्यालाही रात्री शून्याखाली उतरणारा हिवाळा लागतोच.