एरोबार लावला की सीट पुढे घ्यायची का? वादामागची गोष्ट

इंदूरला सुपर कॉरिडॉरवर आणि उज्जैन रोडला सकाळी आता बऱ्याच रोड बाइकवर क्लिप-ऑन एरोबार दिसतात, म्हणजे कोपरं टेकवून पुढे वाकायला हँडलवर वरून कसायचे जोडदांडे. बार बसवला की लगेच पोहे-जलेबीच्या ठेल्यावर प्रश्न येतो, सीट पुढे घेऊ का आहे तिथेच राहू देऊ? उत्तरं दोन मिळतात आणि दोन्ही छातीठोक, कारण ती रोड रेसिंग आणि ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं) अशा दोन वेगळ्या घराण्यांतून आलेली आहेत.

कोपरं टेकवून हात पुढे जोडायची युक्ती १९८० च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याच्या रायडर आणि ट्रायथलॉनवाल्यांनी रुजवली. रोड रेसिंगवाले नाक मुरडत होते, ते १९८९ च्या टूर द फ्रान्सपर्यंत. शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), अमेरिकन रायडर ५० सेकंदांनी मागे, त्याच्याकडे एरोबार, आघाडीवरच्या फ्रेंच रायडरकडे एरोबार नाहीच आणि वर मोकळी पोनीटेल, आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी फिरली. मग काय, सगळ्यांनी बार घेतले. पण बारसोबत ट्रायथलॉनवाल्यांनी जे दुसरं काम केलं होतं ते रोडवाल्यांनी घेतलं नाही, म्हणजे बसायची जागा पुढे आणणं.

रोड बाइकचा सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची फ्रेमची नळी, जमिनीशी साधारण ७३ अंशांचा असतो. त्यावर कोपरं टेकवून वाकलं की मांडी पोटाला लागते, कमरेचा कोन (मांडी आणि धड यांमधला) बंद होतो आणि पेडल वर येताना दम कोंडतो. म्हणून ट्रायथलॉनच्या फ्रेम १९८९ च्या सुमारासच ७८ अंशांवर गेल्या, अख्खं शरीर बॉटम ब्रॅकेटभोवती (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो आस) पुढे फिरवल्यासारखं. सीटची उंची ७५ सेंटिमीटर धरली तर एक अंश म्हणजे जवळपास १.३ सेंटिमीटर, पाच अंशांचे साडेसहा झाले, आणि एवढं सीटखालच्या रेलवर नुसतं सरकवून मिळत नाही, झिरो-ऑफसेट (मागे न झुकलेला) सीटपोस्ट टाकूनही ओढाताणच.

आता खरी गडबड. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (UCI) २००० पासून लागू केलेल्या नियमांत लिहिलं की सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या उभ्या रेषेच्या किमान ५ सेंटिमीटर मागे हवं. १९९० च्या दशकात विचित्र पोझिशनमध्ये अवर रेकॉर्ड (एका तासात जास्तीत जास्त अंतराचे विक्रम) मोडले गेले, त्यावरची ही चिडचिड होती, सायकल सायकलसारखीच दिसली पाहिजे वगैरे. शरीरशास्त्राचा संबंध कमीच, कारण नियम मोजतो सीटचं टोक, माणूस बसतो कुठे ते नाही. लोकांनी लगेच आखूड नाकाच्या सीट घेतल्या (किमान लांबी २४ सेंटिमीटर), टोक नियमात आणि बूड पुढे! लांब हातापायांच्या रायडरना सूट, मग त्या सवलतीवर वाद, आणि अलीकडे टाइम ट्रायलसाठी अट सैल केली ती वेगळीच. ज्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला मनाई असते, तिथे हा ५ सेंटिमीटरचा हिशेब मनावर घेतला गेला नाही. आणि इकडे ज्याने आयुष्यात कधी रेसिंगचं लायसन्स काढलं नाही असा माणूससुद्धा सांगतो की सीट त्या ५ सेंटिमीटरच्या रेषेपुढे नेलीस तर गुडघे जातील. गुडघा पेडलच्या आसाच्या बरोबर वर हवा, हा जुना ठोकताळाही असाच, मोजायला सोपा म्हणून टिकला.

अर्थात ट्रायथलॉनवाल्यांचं जसंच्या तसं उचलणंही आपल्याकडे जमत नाही. सीट पुढे गेली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मे-जूनच्या पश्चिमेच्या वाऱ्यात उज्जैन रोडला, जिथे वारा आडवा लागतो, हँडल हलायला लागतं. खंडवा रोडला भेरूघाट चढताना हात परत हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर), तेव्हा पुढे आलेली सीट आणि आखूड केलेला स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) मिळून छाती हँडलवर येते. रोड बाइकची ही दुहेरी नोकरी आहे, एकाच सीटवरून दोन्ही करायचं.

म्हणून इथले जास्त किलोमीटर करणारे लोक मधलंच काहीतरी करतात. सीट एक-दीड सेंटिमीटर पुढे, दर सेंटिमीटरला सुमारे ३ मिलिमीटर वर, कारण पुढे नेलं की पेडलपासूनचं अंतर कमी होतं, नाक किंचित खाली. बार खाली करायची घाई कोणी करत नाही, क्लिप-ऑनचे पॅड हँडलच्या वर बसतात म्हणून कोपरं आपोआपच उंच राहतात आणि तेच कमरेला बरं पडतं. जुन्या मॉडेलमध्ये पॅड हँडलच्या थेट वर, त्यामुळे खांदे ताणले जायचे आणि स्टेम दोन-तीन सेंटिमीटर आखूड करावा लागायचा. आता मागे सरकणारे पॅड मिळतात, त्यामुळे बहुतेकांचा स्टेम आहे तोच राहतो. कार्बनचा हँडल असेल तर मात्र एरोबारचा क्लॅम्प लावायला परवानगी आहे का ते आधी कंपनीच्या कागदात बघतात, सगळ्याच हँडलला नसते.