लिथियम चालू आहे ना, मग लेव्हल तपासायचीच

बायपोलर म्हणजे मूड कधी अति चढणं, कधी अति खचणं असा आजार; त्याच्या पेशंटला लिथियम चालू केलं की घरचे विचारतातच, गोळी एवढीशी आणि सारखं रक्त कशाला तपासायचं? त्यात पेशंटची झोप नीट, कामावर जाणं चालू, मग टेस्ट हमखास टाळली जाते, आणि मला याचीच फार काळजी वाटते.

लिथियम हे मूलद्रव्य आहे, सोडियमच्या घराण्यातलं, मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी मॅनियावर, म्हणजे मूड अति चढण्याच्या अवस्थेवर, त्याचा चांगला उपयोग होतो हे दाखवलं. मूडचे चढउतार रोखायला आणि आत्महत्येचा धोका कमी करायला आजही त्याच्याइतका पक्का पुरावा फार थोड्या औषधांकडे आहे.

फक्त गुण येणारी लेव्हल आणि बाधणारी लेव्हल यात अंतर फार कमी. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 mmol/L ठेवतात, 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भीती. रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो.

आता डोस तोच असून लेव्हल वाढते कशी? लिथियम बाहेर पडतं किडनीवाटे. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. म्हणून विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, बीपीसाठी एकदम मीठ सोडणं, हे सगळं लिथियमवाल्यांना जड जाऊ शकतं. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा लेव्हल वाढवतं, बीपीच्या काही गोळ्याही, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी लिथियम चालू आहे हे आधी सांगा.

हात थोडे थरथरणं बऱ्याच जणांना होतं. पण थरथर एकदम वाढली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या, गुंगी असं काही दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच हॉस्पिटल गाठायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करणं तर नकोच, एकदम सोडली की मॅनिया उसळून येऊ शकतो. थायरॉइड आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही साधारण सहा महिन्यांनी बघतात, ते लेव्हलसोबत एकाच वेळी करून घेतलं की पेशंटला सारखं टोचावं लागत नाही.