जुनी पाइप-तंबाखू : डबा कसा ठेवावा, कधी उघडावा

जुना डबा घेऊन दुकानात येणाऱ्यांपैकी काहींनी तो स्वतःच हौसेने घेऊन ठेवलेला असतो, काहींना आजोबांच्या कपाटात सापडलेला असतो. दोघांचा प्रश्न एकच : उघडू का? आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘आत्ता नको’ असंच असतं. त्यामागची कारणं एकदा नीट लिहून द्यावीत म्हणून हे पत्रक.

आधी कायद्याचं आणि तब्येतीचं. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि आम्ही विकत नाही. मुरलेली तंबाखू जिभेला सौम्य लागते, पण त्यातलं निकोटिन आणि कॅन्सरचा धोका मुरल्याने कमी होत नाही. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडात आणि घशात तो जातोच. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर बरणी कुलपात हवी, कारण पोटात गेलेली तंबाखू विषारी असते.

मुरते कुठली आणि कुठली नाही

सगळ्यात छान मुरते ती व्हर्जिनिया. हे पान गरम केलेल्या कोठारात आठवड्याभरात वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर पानातच राहते. डबा बंद झाला की आत उरलेला ऑक्सिजन सूक्ष्मजीव संपवतात. पुढचा बदल सावकाश, ताज्या हवेशिवाय होत राहतो. रंग काळपट होतो, कोवळ्या गवतासारखा उग्र वास जाऊन मनुका-अंजिराकडे झुकतो. दोन-तीन वर्षांत फरक कळतो, पाच वर्षांत तो कुणालाही सांगावा लागत नाही. व्हर्जिनियात पेरीक मिसळलेली असेल तर आणखी उत्तम. पेरीक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात होते. तिथे पान पिंपात दाबून स्वतःच्याच रसात जवळपास वर्षभर ठेवतात, म्हणजे ती येतानाच मुरून आलेली असते.

बर्ले नावाच्या तंबाखूत साखर नावापुरतीच असते, त्यामुळे तिच्यात बदल कमी. लटाकिया नावाची तंबाखू धुरावर वाळवलेली असते. वर्षं गेली की धुराचा जोर ओसरतो आणि बाकीची पानं पुढे येतात. काहींना ते आवडतं. पण तुम्हाला तो धूरच हवा असेल तर डबा साठवत बसू नका. व्हॅनिला, चेरी वगैरे वासाची तंबाखू तर अजिबातच ठेवू नये. तिचा वास वरून लावलेला असतो आणि वर्षागणिक तोच आधी उडतो. ‘जुनं म्हणजे चांगलं’ असं सांगून कुणी जुना चेरीचा डबा चढ्या भावाने देत असेल तर हात जोडा आणि निघा.

पाउचमधली तंबाखू मुरवण्यासाठी नसतेच. प्लास्टिकची पिशवी, झिपवालीसुद्धा, हळूहळू श्वास घेत राहते.

बंद डबा कुठे ठेवायचा

माळ्यावर नाही. स्लॅबखालचा किंवा पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. स्वयंपाकघरात नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच नाही. फ्रिजही नको. आतबाहेर करताना डब्यावर पाणी सुटतं आणि पत्र्याला गंज धरतो. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा बरा, फक्त त्या कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर नको. सील सुटलेला डबा तो वास घेतो आणि मग तो वास कशानेही जात नाही.

गोल डबे सहसा सील धरून राहतात. चौकोनी चपट्या डब्यांवर आमचा भरवसा कमी, कारण कोपऱ्यात किंचित पोचा आला तरी हवा शिरते. झाकणाच्या मधोमध अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. झाकण आत ओढलेलं आणि घट्ट असेल तर सील शाबूत आहे. टिक्-टिक् वाजत आत-बाहेर होत असेल तर हवा शिरली आहे. डबा हलवल्यावर वाळक्या पाल्यासारखी खळखळ झाली तर आतली तंबाखू कोरडी पडली आहे. मुंबई-कोकणातल्या ग्राहकांनी पावसाळ्याआधी आणि नंतर डब्याचं बूड उलटं करून पाहावं. गंजाचा ठिपका कडेच्या शिवणीवर असेल तर तो डबा आता वाट पाहणार नाही, तंबाखू बरणीत काढा.

उघडायचा कधी

दिवाळी ते होळी. आषाढ-श्रावणात मुंबईत डबा उघडलात तर तासाभरात तंबाखू दमट होते आणि त्याच दमट हवेसकट बरणीत जाते. बुरशीला आणखी काय हवं? नागपूरच्या मे महिन्यात उलटा प्रकार : दुपारी उघडी राहिलेली तंबाखू संध्याकाळपर्यंत चुरा होते. पुण्याच्या थंडीतही हवा कोरडी असते, तेव्हा फार वेळ पसरून ठेवू नका.

उघडण्याआधी बरण्या तयार हव्यात. काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या आणि नव्या. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या रबरात हिंग राहतोच. चिनीमातीची बरणी दिसायला सुरेख, पण तिचं झाकण हवाबंद नसतं. बरण्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवा. मोठ्या एका बरणीपेक्षा लहान चार घ्या. एक वापरात राहते, बाकीच्या तिघी निवांत मुरत राहतात.

गोल डब्याच्या झाकणाच्या कडेला पाच रुपयांचं नाणं लावून किंचित पिळा. ‘फुस्’ असा आवाज येईल. काही डब्यांत आत वायू धरलेला असतो, तेव्हा झाकण चेहऱ्यापासून लांब ठेवा. जुन्या काळच्या काही गोल डब्यांच्या झाकणातच एक छोटं पातं असतं. ते दाबून झाकण फिरवलं की आतला पत्रा गोल कापला जातो. ती धार अजून तशीच असते, बोटं जपा.

आत चुण्यांचा पांढरा कागद दिसेल, तो फेकू नका, बरणीत वर ठेवायला कामी येतो. पहिला वास कधी कधी व्हिनेगरसारखा आंबूस किंवा अमोनियासारखा झोंबणारा येतो. घाबरून लगेच टाकू नका, काही तासांत तो उडतो. दाबलेल्या पट्ट्या वर्षांनुवर्षं एकमेकींना चिकटून वडी झालेली असते. सुरीने उचकटू नका, भुगा होईल. वडी बाहेर काढून कडेने बोटांनी हळू वाकवा, थर आपोआप सुटतात.

पांढरं दिसलं तर

पानावर चमकणारे बारीक कण असतील तर बहुधा ते पानातलेच स्फटिक असतात, त्यात बिघाड काही नाही. भिंग धरून पाहा. स्फटिक टोकदार दिसतात आणि कोमट पाण्याच्या थेंबात विरघळतात. बुरशी कापसासारखी, तंतूंची असते, विरघळत नाही आणि तिला बंद खोलीचा कुबट वास येतो. बुरशी असेल तर डबा पूर्ण टाका. वरचा थर काढून खालचं वापरणं इथे चालत नाही.

बारीक गोल भोकं आणि पिठूळ चुरा दिसला तर किडा आहे. हळद-मिरचीच्या डब्यात होतो तोच तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, मान खाली घातलेला किडा. म्हणूनच तंबाखूच्या बरण्या मसाल्यांजवळ ठेवू नका.

कोरडी पडली असेल तर

सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल बरणीत टाकायचा जुना उपाय बुरशीला आमंत्रण देतो. तंबाखू पसरट भांड्यात घाला, वरून घट्ट पिळलेलं ओलं फडकं तोंडाला बांधा, पण ते तंबाखूला टेकू देऊ नका, आणि दर दोन तासांनी पाहा. चिमूट दाबून सोडल्यावर ती हळूहळू फुलली की पुरे. दाबलेला गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. ओढण्याजोग्या तंबाखूत 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास ओल असते, डब्यातून निघते तेव्हा सहसा त्याहून थोडी जास्त.

बरणीवर दोन तारखा लिहा : डबा घेतल्याची आणि उघडल्याची. आणि मग बरणी दर आठवड्याला उघडून हुंगू नका. प्रत्येक वेळी आतली हवा बदलते.

सापडलेल्या डब्याचं वय

डबा कुठे भरला ते पाहा. डनहिल या नावाची तंबाखूची मिश्रणं 1981 पासून 2005 पर्यंत बेलफास्टला ‘मरे’ कंपनीच्या कारखान्यात होत, पुढे डेन्मार्कमध्ये. 2018 साली ती त्या नावाने बंद झाली आणि 2019 पासून पीटरसनच्या नावाने येऊ लागली. अमेरिकेतल्या मॅक्लेलंड या तंबाखू कंपनीनेही 2018 मध्येच काम थांबवलं. बंद झालेल्या नावांना भाव चढतो, म्हणून डबा जुना असल्याचं सांगणाऱ्याकडून बुडाचा आणि शिवणीचा फोटो आधी मागा.

उघडायचं धाडस होत नसेल तर डबा दुकानात घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर उघडून बरण्यांत भरून देतो. त्याचे पैसे घेत नाही, बरण्या मात्र तुमच्या तुम्ही आणायच्या. जून ते सप्टेंबर हे काम बंद असतं.