आडनावाआधीचा माणूस

जन्मलेल्या मुलाला नाव द्यायचे नाही, असा समाज अजून तरी सापडलेला नाही. आडनाव नसलेले समाज मात्र इतिहासात जागोजागी भेटतात, आणि तेही फार मागे न जाता. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत जगातल्या कोट्यवधी माणसांचा जन्म, लग्न, मरण सारे एकाच नावावर उरकत असे. आपण आडनावाला कुळाची पुरातन खूण मानतो. अनेक देशांत ती खूण पणजोबांच्या काळात, एखाद्या कारकुनाच्या टेबलासमोर जन्मली आहे.

आधी नावाकडे पाहू, कारण मूळ गोष्ट तीच. नाव ठेवताना माणसे इच्छा सांगतात, देवाचे आभार मानतात किंवा नुसती नोंद करून ठेवतात. घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळते: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावात दोन्ही गोष्टी आल्या, कारण अन्नान म्हणजे चौथे अपत्य. रोमन लोकांची क्विंटस, सेक्स्टस, डेसिमस ही नावे म्हणजे पाचवा, सहावा, दहावा. पुढे हा क्रम विसरला गेला आणि पहिल्या मुलालाही क्विंटस म्हणू लागले. नावांचे हे असेच होते. अर्थ झिजतो, आवाज उरतो. ‘यहोवा कृपाळू आहे’ अशा अर्थाच्या हिब्रू योहानानपासून जॉन, ज्याँ, हुआन, जोव्हानी, इव्हान, शॉन ही सगळी नावे आली. आज यांतले कोणतेही नाव ठेवणाऱ्या आईच्या मनात ते हिब्रू वाक्य क्वचितच असते.

एका गावात चार जॉन झाले की अडचण सुरू होते. मग लोक आपसूक काहीतरी जोडतात: कुणाचा, कुठला, काय करतो, दिसतो कसा. बापाच्या नावावरून आलेली आडनावे ओळखायला सोपी, कारण इंग्रजीतले ‘सन’, स्पॅनिशमधले ‘एझ’, स्कॉटिश ‘मॅक’, तुर्की ‘ओग्लू’, अरबी ‘इब्न’ या सगळ्यांचा अर्थ मुलगा किंवा अमक्याचा. धंद्याच्या आडनावांत लोहार सगळीकडे पुढे. स्मिथ, जर्मन श्मिट, फ्रेंच लफेव्र, इटालियन फेरारी, हंगेरियन कोवाच, पोलिश कोवाल्स्की, रशियन कुझ्नेत्सोव्ह, अरबी हद्दाद: सगळ्यांच्या मुळाशी एकच भाता आणि एकच ऐरण. लोहारच का? कारण गावात शेतकरी शंभर असत, लोहार एखादाच. ‘शेतकरी’ म्हणून कुणाची ओळख पटणार?

इथे एक सावधगिरी हवी. आडनावाचा आज दिसणारा अर्थ खरा असेलच असे नाही. डच भाषेत नाक्टखेबोरेन असे एक आडनाव आहे, शब्दशः ‘नागडा जन्मलेला’. नेपोलियनने १८११मध्ये नेदरलँड्समध्ये आडनाव नोंदवायची सक्ती केली, तेव्हा लोकांनी चिडून असली नावे लिहून दिली, अशी गोष्ट तिथे हौसेने सांगतात. प्रत्यक्षात त्या शब्दाचे मूळ ‘बाप गेल्यानंतर जन्मलेला’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. ज्या नावावर लोक हसतात, त्याच्या तळाशी एक पोरके मूल आहे. अर्थ सांगणाऱ्या याद्या वाचताना मला हे उदाहरण नेहमी आठवते.

पण ‘लोहाराचा जॉन’ हे अजून आडनाव नव्हे. जॉनचा मुलगा शिंपी झाला तरी लोहारच म्हणवून घेऊ लागतो, तेव्हा ते आडनाव होते. चीनमध्ये हे दोन हजार वर्षांहून आधी घडले. तिथला कुलनामाचा जुना शब्द ज्या चित्राक्षराने लिहितात त्यात ‘स्त्री’ आणि ‘जन्म’ ही दोन चिन्हे जोडलेली आहेत, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. रोमनांकडेही कुळाचे नाव होते, पण साम्राज्याबरोबर ती पद्धत विरली आणि युरोप पुन्हा एकेरी नावांवर आला. नंतर ती जिथे नव्याने रुजली तिथे बहुधा वारसा, कर आणि नोंदवही यांच्या मागोमाग रुजली. इंग्लंडमध्ये १५३८पासून आणि १५६३च्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेच्या ठरावानंतर कॅथलिक जगात, चर्चने बाप्तिस्मा आणि लग्ने लिहून ठेवायला सुरुवात केली. लिहिलेले नाव बदलायला जड जाते.

नोंदवहीची ताकद सर्वांत उघडी दिसते ती फिलिपिन्समध्ये. स्पॅनिश राजवटीत तिथल्या असंख्य लोकांनी ‘दे ला क्रूझ’, ‘दे लोस सांतोस’ अशी धार्मिक नावे घेतली होती. एकाच घरातल्या माणसांची आडनावे वेगळी, आणि ज्यांचे काही नाते नाही त्यांची सारखी. करवसुली करणाऱ्यांना कोण कुणाचा ते कळेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया याने हुकूम काढला आणि सुमारे ६१ हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी प्रांतोप्रांती पाठवली. स्पॅनिश आडनावे होतीच, शिवाय झाडे, प्राणी, खनिजे, गुण यांचे स्थानिक शब्दही होते. चार पिढ्यांपासून एकच आडनाव चालवणाऱ्यांना सूट होती. बाकीच्यांनी यादीतून घ्यायचे. यादीची पाने गावागावांत वाटली गेली, त्यामुळे काही ठिकाणी अख्ख्या गावाची आडनावे एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ‘र’ने सुरू होणारी आडनावे आजही भरपूर आहेत. त्या पानांवरून मुळे शोधणाऱ्याला पूर्वज सापडत नाही, एक कागद सापडतो.

जपानमध्ये सामान्य लोकांना १८७०मध्ये आडनाव उघड वापरायची मुभा मिळाली आणि १८७५मध्ये ते सक्तीचे झाले. पुष्कळ जपानी आडनावे आसपासच्या जमिनीची आहेत: तानाका म्हणजे भातखाचराच्या मध्ये, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी. तुर्कस्तानने १९३४मध्ये कायदा केला. मुस्तफा केमाल यांना संसदेने ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. आइसलँडने उलटी वाट धरली. तिथे आजही बहुतेकांना बापाच्या, कधी आईच्या नावापुढे ‘सोन’ (मुलगा) किंवा ‘दोत्तिर’ (मुलगी) लावतात, आणि बहीण-भावांचे दुसरे नावही त्यामुळे वेगळे असते.

बायकांच्या वाट्याला या इतिहासात नेहमी उरलेसुरले आले. रोमन मुलीला बहुधा स्वतःचे वेगळे नावच नसे. ज्युलियस कुळातल्या सगळ्या मुली ज्युलिया, आणि ओळखायला थोरली, धाकटी, तिसरी.

नावच न लिहिणे हा याहून क्रूर प्रकार. अमेरिकेच्या १८५० आणि १८६०च्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली माणसांऐवजी वय, लिंग, रंग यांच्या ओळी. आपसांत ही माणसे नावे-आडनावे वापरत होती, वहीत मात्र त्यांना जागा नव्हती. गुलामगिरी १८६५मध्ये संपली आणि १८७०च्या खानेसुमारीत ही लाखो माणसे प्रथमच नावानिशी नोंदली गेली. म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांचा शोध अनेकदा त्याच वर्षाच्या भिंतीला येऊन थडकतो. कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम लिटल याने आडनाव टाकून ‘एक्स’ लावले ते त्या हरवलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी.

मंगोलियात तर साम्यवादी राजवटीने १९२०च्या दशकात कुळांची नावे बंद केली, आणि दोन-तीन पिढ्यांत बहुतेकांना ती आठवेनाशी झाली. १९९०च्या दशकात पुन्हा कुलनाम घ्यायला सांगितले, तेव्हा असंख्य लोकांनी चंगीझखानाचे ‘बोर्जिगिन’ घेतले. अंतराळात गेलेला पहिला मंगोलियन गुर्राग्चा याने मात्र स्वतःसाठी ‘सान्सार’ निवडले. मंगोलियन भाषेत त्याचा अर्थ अंतराळ, आणि तो शब्द आपल्याच ‘संसार’वरून तिकडे गेलेला आहे.