ग्रंथालय २.०

वाचकाला ग्रंथालयाच्या कामात सहभागी करून घेणारी आंतरजालीय सेवापद्धती. मायकेल केसी या अमेरिकन ग्रंथपालाने २००५ मध्ये ही संज्ञा वापरात आणली. समाजमाध्यमांवर नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे टाकणे हा तिचा सर्वांत परिचित, पण सर्वांत उथळ भाग. वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट ग्रंथालयाच्या नोंदींत पोहोचते, तेव्हाच या पद्धतीचे खरे मोल कळते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर खुली केली. त्यांत बेन वृत्तसंस्थेची १९१० च्या आसपासची छायाचित्रे होती. अनेकांविषयी मूळ निगेटिव्हवरच्या एखाद्या त्रोटक ओळीपलीकडे काहीच माहिती नव्हती. लोकांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळून माणसे, ठिकाणे, प्रसंग ओळखून काढले. कर्मचाऱ्यांनी ही माहिती पडताळून मगच ग्रंथालयाच्या मूळ तालिकेत, म्हणजे संग्रहाच्या सूचीत, घेतली आणि त्या नोंदींत ‘फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, २००८’ असा आधारही दिला. पडताळणीचे हे काम वेळखाऊ असते आणि नेमके त्यालाच मनुष्यबळ कमी पडते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याच वर्षी जुन्या वृत्तपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर वाचकांना दुरुस्तीसाठी खुला केला. पुढे तो ‘ट्रोव्ह’ या सेवेचा भाग झाला. पुसट छपाईमुळे यंत्र अक्षरे चुकीची वाचते आणि मग शोधात नाव सापडत नाही. पानाची प्रतिमा व मजकूर शेजारी ठेवून वाचक एकेक ओळ सुधारतो. आपल्या पूर्वजांचा माग काढणारे लोक हे काम विशेष आस्थेने करतात.

तालिकेत वाचकांनी जोडलेले टॅग, म्हणजे विषय सांगणारे छोटे शब्द, बोलीच्या जवळचे असतात, पण एकाच विषयाला दहा नावे पडतात. त्यामुळे ते ग्रंथपालांनी ठरवलेल्या प्रमाणित विषयशीर्षकांना पूरक ठरतात, पर्याय नव्हे. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी संदर्भसेवाही आता अनेक ग्रंथालयांत चॅटवरून मिळते.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. कोण काय वाचतो हे गुप्त ठेवणे हा ग्रंथपालाचा जुना व्यवसायधर्म. ग्रंथालयाच्या पानावर बसवलेले समाजमाध्यमाचे ‘शेअर’ बटण मात्र न दाबताही वाचकाचा माग त्रयस्थ कंपनीला देऊ शकते. म्हणून काही ग्रंथालये अशी बटणे टाळून साधा दुवा देतात आणि देवघेवीचा इतिहास जपायचा की नाही, हे वाचकावर सोपवतात.